प्रयोजन आणि अवधान

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं ताम्हिणी घाटांत मोटारसायकलीवरून पडून आमच्या डाव्या खांद्याजवळचें हाड मोडलें. ही गोष्ट मुद्दाम वाचकांच्या कानीं घालावी इतकी मोठी नाहीं. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाचें हाड ही कांहीं राष्ट्राची ठेव नव्हे, आणि तें यथाकाल जुळूनहि आलें. परंतु तें मोडल्यावर आम्हांस जो एक प्रश्न वारंवार विचारण्यांत आला, त्याचा विचार आम्ही अद्याप करीत आहों. आणि तो प्रश्न केवळ आमच्यापुरता नाहीं असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्या दिवशीं पहाटे सहाच्या सुमारास आम्ही पुण्याहून एकटेच निघालों होतों. चांदणी चौक मागें पडला, पिरंगुट आणि पौड हीं गांवें ओलांडलीं, आणि मुळशीच्या जलाशयाच्या काठाकाठानें जाणारा रस्ता लागला. पावसाची बारीक झिमझिम चालू होती, भातखाचरें हिरवींगार झालीं होतीं, आणि पलीकडच्या डोंगराच्या माथ्यावर ढग टेकले होते. एका टपरीवर चहा घेऊन आम्ही घाटांत शिरलों. तेथें एका वळणावर पावसानें वाहून आलेली बारीक खडी पसरली होती. ती आम्हांस दिसली. परंतु दिसावयास हवी होती त्यापेक्षां क्षणभर उशिरां दिसली. पुढचें चाक घसरलें आणि आम्ही आडवे झालों. वेग बेताचा होता म्हणून खांद्यावरच निभावलें. जवळ गुरें चारीत असलेल्या दोघांनीं आम्हांस उठवून बसविलें, गाडी कडेला लावली, आणि माणगांवाकडून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानें आम्हांस पौडापर्यंत आणून सोडलें. या तिघांपैकीं कोणींहि आम्हांस ‘इकडे कशाला आलां होतां?’ असें विचारलें नाहीं. तो प्रश्न पुण्यास आमच्या घरीं आमची वाट पाहत बसला होता.

सायंकाळपासून समाचारास येणाऱ्या मंडळींची रीघ लागली. शेजारी आले, आप्त आले, कॉलेजांतील सहकारी आले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘कसें काय झालें?’ हा, आणि दुसरा ‘पण तिकडे कशाला गेलां होतां?’ हा. पहिल्या प्रश्नांत कळकळ होती. दुसऱ्यांत, तो कितीहि सौम्य शब्दांत विचारलेला असो, न्यायासनावरून बोलणाऱ्याचा सूर होता. आम्हीं खरें होतें तेंच उत्तर दिलें : ‘सहज.’ हा शब्द ऐकून खोलींत क्षणभर शांतता पसरली. शेवटीं आमच्या आक्का म्हणाल्या, “सहज? या वयात?” आणि त्यांनीं आमच्या पत्नीकडे अशा दृष्टीनें पाहिलें कीं, आम्ही त्या घरांतील सर्वांत धाकटें आणि सर्वांत अवखळ मूल आहों, असें आमचें आम्हांसच वाटूं लागलें.

योगायोग असा कीं, त्याच्या थोडेच दिवस आधीं आमचे एक सहकारी उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर जात असतां गाडीवरून पडले होते व त्यांचा पाय मोडला होता. त्यांच्या समाचारास गेलेल्यांत आम्हीहि होतों. तेथें ‘कशाला?’ हा प्रश्न कोणाच्याच ओठावर आला नाहीं. ‘कामापायीं केवढी ही शिक्षा!’ असें म्हणून सर्वांनीं हळहळ व्यक्त केली, आम्हींहि केली. त्यांचें हाड आणि आमचें हाड, त्यांची वेदना आणि आमची वेदना, यांत कोणत्याहि शस्त्रवैद्यास भेद आढळला नसता. परंतु त्यांच्या पडण्यास दैवगति हें नांव मिळालें आणि आमच्या पडण्यास हूडपणा. भेद होता तो एवढाच कीं, त्यांच्या जाण्यास प्रयोजन होतें, आमच्या जाण्यास तें नव्हतें.

तेव्हां प्रश्न असा : प्रयोजनामुळें धोका पत्करणें निर्दोष होतें काय? आणि निष्प्रयोजन धोका हा स्वभावतःच सदोष असतो काय?

प्रयोजनावांचून मंदबुद्धीचा मनुष्यहि कोणत्या गोष्टीस हात घालीत नाहीं, असें कुमारिल भट्टांनीं म्हटलें आहे. आम्हां मध्यमवर्गीयांनीं हें वचन जितकें पाळलें आहे, तितकें क्वचितच दुसरें पाळलें असेल. आम्ही फिरावयास जातों तें प्रकृतीसाठीं. महाबळेश्वरास जातों तें हवा पालटण्यासाठीं. मुलांस चित्रकलेच्या वर्गास घालतों तें त्यांच्या सर्वांगीण विकासासाठीं. आमच्या मोटारसायकलीचे आठवड्यांतील सहा दिवसहि याच नियमानें चालतात. सकाळीं तिच्यावरून दूध येतें. मग धाकट्या मुलीस क्लासला पोंचवावयाचें. मग पाठीमागच्या सीटवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून कॉलेज. परततांना हँडलला भाजीची पिशवी. या सहा दिवसांत रस्ता म्हणजे घर आणि काम यांच्यामधील एक अडचण असते. तो जितका आंखूड, तितका चांगला. अजिबात नसता, तर सर्वांत उत्तम. सातव्या दिवशीं मात्र हेंच यंत्र, हाच मनुष्य आणि पुष्कळदां हाच रस्ता. परंतु त्या दिवशीं दोन वाटांपैकीं लांबची वाट निवडली जाते, आणि रस्ता संपत आला कीं मन किंचित् खट्टू होतें. हें सातव्या दिवसाचें वर्तन ‘कशाला?’ या प्रश्नास उत्तर देऊं शकत नाहीं, म्हणून तें संशयित ठरतें.

परंतु ज्या प्रयोजनाची ग्वाही आम्ही इतक्या विश्वासानें मागतों, तें खरोखर कितपत भरंवशाचें आहे? ज्या जलाशयाच्या कांठानें आम्ही त्या दिवशीं गेलों, त्याचेंच उदाहरण घेऊं. त्याच्या सौंदर्याकडे पाहून तो निसर्गाची देणगी आहे असें वाटतें. तो तसा नाहीं. टाटांच्या कंपनीनें विजेसाठीं मुळा नदीवर बांधलेल्या धरणाचें तें पाणी आहे. तें सह्याद्रीखालीं भिरा येथें सोडून वीज करावी व ती मुंबईस पुरवावी, अशी ती योजना. तीत मावळांतील गांवें आणि पिढ्यान्‌पिढ्यांचीं भातशेतें बुडावयाचीं होतीं. १९२१ सालीं तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. त्याचें पुढारीपण करणारे पांडुरंग महादेव बापट यांस याच लढ्यांत ‘सेनापति’ हें नांव मिळालें. लढा हरला, धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. विजेचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. हा लेखहि विजेच्या दिव्याखालींच लिहिला जात आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ‘कशाला?’ या प्रश्नास येथें फार मोठें आणि फार चोख उत्तर तयार होतें, आणि त्या उत्तराच्या चोखपणामुळेंच ‘कोणाच्या जिवावर?’ हा दुसरा प्रश्न विचारण्याची गरज पुष्कळांस भासली नाहीं. प्रयोजन ही अशी एक वस्तु आहे कीं, ती पुढें केली म्हणजे मागचें फारसें कोणी पाहत नाहीं.

व्यक्तीच्या आयुष्यांतहि हेंच घडतें. अरबस्तानांतील पराक्रमामुळें ज्याचें नांव जगभर झालें, त्या टी. ई. लॉरेन्सला मोटारसायकलीचें वेड होतें. ब्रफ सुपीरिअर जातीच्या सात गाड्या त्यानें एकामागून एक बाळगल्या, आणि इंग्लंडांतील रस्त्यांवरून तो केवळ वेगाच्या आनंदासाठीं वर्षानुवर्षें भटकला. या भटकंतींत त्याचा अंत झाला असता, तर नीतिवेत्त्यांस एक सुरेख दृष्टांत मिळाला असता. परंतु १३ मे १९३५ रोजीं त्याला अपघात झाला तो बोव्हिंग्टनच्या छावणींतून एक तार पाठवून घरीं परततांना. वाटेंत सायकलीवरील दोन मुलें अवचित समोर आलीं. त्यांस चुकवितांना तो फेंकला गेला, आणि सहा दिवसांनीं वारला. म्हणजे निष्प्रयोजन भटकंतीनें ज्याला इतकीं वर्षें सुखरूप ठेविलें, त्याला तारेच्या कचेरीच्या फेरीनें नेलें. प्रयोजन हें कांहीं चिलखत नव्हे.

या जागीं आम्हांस आमच्याच एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. गेल्या वर्षीं परीक्षांच्या दिवसांत, एका सोमवारीं, आम्ही कॉलेजला निघालों होतों. त्या दिवशींच्या सभेंत एका सहकाऱ्यास काय उत्तर द्यावयाचें, याची जुळवाजुळव मनांत चालली होती. इतकी, कीं घरापासून निघाल्यावर दोन चौक केव्हां मागें पडले, हें आम्हांस आजहि सांगतां येणार नाहीं. एका शाळेपाशीं सात-आठ वर्षांची एक मुलगी रस्ता ओलांडूं लागली. आम्हीं ब्रेक दाबला, गाडी थांबली. परंतु ती मुलीपासून हातभर अंतरावर थांबली, आणि तिच्या हातून पडलेली पाण्याची बाटली आमच्या चाकाखालीं फुटली. मुलगी रडलीहि नाहीं. नुसती फुटलेल्या बाटलीकडे पाहत उभी राहिली. चार माणसें जमलीं. आम्हीं सांगितलें, “कॉलेजला निघालो होतो, उशीर झालाय.” त्यांपैकीं एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “जाऊ द्या हो, कामावर चाललेत.” आणि आम्ही गेलों. सभेंत वेळेवर पोंचलों, आणि उत्तरहि ठरविल्याप्रमाणें दिलें. ती गोष्ट घरीं सांगण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

आतां या दोन प्रसंगांची तुलना करावी. घाटांत आम्हीं स्वतःचें एक हाड मोडून घेतलें. शहरांत आमच्या हातून दुसऱ्याचें मूल जाण्याचा प्रसंग हातभर अंतरानें टळला. पहिल्याबद्दल आम्हांस सर्वांनीं दोष दिला. दुसऱ्याबद्दल आम्हीं स्वतःसहि दिला नाहीं. कारण दुसऱ्या वेळीं आमच्यापाशीं प्रयोजन होतें. तात्पर्य, प्रयोजन धोका कमी करीत नाहीं. तें फक्त धोक्याचा जाब विचारूं देत नाहीं.

मग निष्प्रयोजन फेरींत काय असतें? ‘सृष्टिसौंदर्य पाहण्यासाठीं’ असें उत्तर दिलें, तर पुष्कळांचें समाधान होईल. परंतु तें पूर्णपणें खरें नाहीं. रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकानें आपल्या लहान मुलास पाठीशीं बसवून मोटारसायकलीवर केलेल्या लांबच्या प्रवासाच्या आधारें १९७४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोटारींत बसलेला मनुष्य खिडकीच्या चौकटींतून देखावा नुसता पाहतो, मोटारसायकलीवरील मनुष्य मात्र त्या देखाव्याच्या आंत असतो, असा विचार त्यांत आहे. तो खरा आहे. ओल्या मातीचा वास, वळण घेतांच अंगावर येणारा गारवा, उतारावर कानांत बदलणारा वारा, हें सारें बंद मोटारींत मिळत नाहीं. परंतु जो देखाव्याच्या आंत आहे, त्याला देखावा पाहावयास सवड नसते. या यंत्राचा धर्मच असा कीं, डोळे जिकडे जातात तिकडे तें जातें. वळणावर दरीकडे पाहिलें, तर चाक दरीकडे ओढ घेतें. वळण जेथें संपतें तेथें दृष्टि ठेविली, तर चाक मुकाट्यानें तिकडे जातें. म्हणून घाटांतून चाळीस किलोमीटर जाऊन आलेल्या मनुष्यास ‘काय पाहिलें?’ असें विचारलें, तर त्यानें प्रामाणिकपणें सांगावें कीं, ‘डांबर पाहिलें.’ ओलें डांबर, शेवाळलेली कडा, सांडलेलें तेल, शेण, खडी, आणि वळणाआडून येणाऱ्या एस. टी.चा कर्णा. धबधबा पाहावयाचा, तर गाडी थांबवून उतरावें लागतें. त्या रविवारीं आम्हीं हा नियम मोडला. ज्या क्षणीं ती खडी आम्हांस दिसावयास हवी होती, त्या क्षणीं आम्ही समोरच्या कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याकडे पाहत होतों. आमच्या पडण्याचें कारण आम्ही निष्प्रयोजन गेलों हें नसून, जातांना लक्ष दुसरीकडे गेलें हें होय.

परंतु तो क्षण वगळला, तर त्या दोन तासांत आमचें मन जेथें शरीर होतें तेथेंच होतें. हें वाक्य तरुण वाचकांस क्षुल्लक वाटेल. पन्नाशी उलटलेल्यांस तें तसें वाटणार नाहीं. व्याख्यान देतांना आमचें मन घरच्या देण्याघेण्यांत असतें, घरीं जेवतांना कॉलेजच्या सभेंत असतें, आणि मुलगी कांहीं सांगत असतां ‘हूं, हूं’ म्हणत आम्ही तिसरीकडेच असतों. रविवारच्या त्या दोन तासांत मात्र पुढच्या वळणापलीकडे भविष्य नसतें आणि आरशांत दिसतें त्यापलीकडे भूतकाळ नसतो. हें जें अखंड अवधान, तेंच त्या भटकंतीचें खरें सुख. ग्रीक भाषेंत फुरसतीस जो शब्द आहे, त्यावरूनच इंग्रजींतील ‘स्कूल’ हा शब्द आला. आणि आपण कामांत गुंततों तें फुरसत मिळावी म्हणून, असें ॲरिस्टॉटलचें मत होतें. फुरसत ही कामाची चाकर नव्हे, काम हें फुरसतीचें चाकर आहे, हा त्याचा क्रम आम्हीं उलटा केला आहे.

आमच्याकडील शास्त्रकारांनींहि ‘कशाला?’ या प्रश्नाची दुर्बलता ओळखली होती. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत एक शंका घेतली आहे कीं, ब्रह्म जर पूर्णकाम आहे, तर जग उत्पन्न करण्यांत त्याचें प्रयोजन कोणतें? त्यावर उत्तर असें कीं, ती केवळ लीला होय. शंकराचार्यांनीं त्यास दृष्टांत दिला आहे तो सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा, आणि श्वासोच्छ्वासाचा. कांहीं प्रवृत्ति अशा असतात कीं, त्यांस बाहेरचें प्रयोजन लागत नाहीं. आपल्या ‘सहज’ला इतका भक्कम आधार सांपडल्याचा आम्हांस फार आनंद झाला, आणि हाताला झोळी असतांच आम्हीं हा सारा युक्तिवाद एका रात्रीं पत्नीस ऐकविला.

त्यांनीं तो शांतपणें ऐकला. मग त्या म्हणाल्या, “तिथं तुमचं सगळं लक्ष रस्त्यावर असतं आणि त्यानं तुमचं मन मोकळं होतं, हे मला पटतं. पण तेवढा वेळ माझं सगळं लक्ष दाराकडे असतं, त्याचं काय?”

या प्रश्नास आम्हांस ग्रंथांत उत्तर सांपडलें नाहीं. ब्रह्माच्या लीलेंत आणि आमच्या लीलेंत जो भेद आहे, तो या एका वाक्यांत आला होता : ब्रह्माची वाट पाहत कोणी दाराशीं बसलेलें नसतें. आपल्या शरीराचा धनी आपण, ही भाषा हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध आमच्या पुण्यांत नेहमीं ऐकूं येते, आणि सुशिक्षित लोक तीस मिल्लचा आधार देतात. परंतु १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत खुद्द मिल्लनेंच सांगून ठेविलें आहे कीं, स्वतःचें नुकसान करून घेण्यानें आपल्यावर अवलंबून असलेल्यांविषयींचें कर्तव्य पाळण्यास मनुष्य असमर्थ झाला, तर ती गोष्ट त्याची एकट्याची राहत नाहीं. लॉरेन्सवर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचा तरुण मेंदुशस्त्रवैद्य होता. त्या मृत्यूनें अस्वस्थ होऊन त्यानें मोटारसायकलस्वारांच्या डोक्यास होणाऱ्या इजांचा अभ्यास केला, १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्यांतील निरोप्या स्वारांस शिरस्त्राण मिळालें. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तें बंधनकारक केलें आहे. शिरस्त्राण डोक्यावर चढवितांना आपण स्वतःची भीति बाळगीत नसून दाराकडे पाहणाऱ्याचा मान राखीत असतों, असें आतां आम्हांस वाटतें.

त्याच रात्रीं आम्हीं पत्नीस त्या सोमवारची गोष्ट सांगितली. फुटलेल्या बाटलीचा उल्लेख आला तेव्हां त्यांनीं हातांतील काम बाजूस ठेविलें. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, “हे तेव्हाच का नाही सांगितलंत?”

आम्हीं विचार केला. लपवावें असें मनांत नव्हतें. सांगण्यासारखें कांहीं घडलें आहे, असेंच आम्हांस वाटलें नव्हतें. कारण तेव्हां ‘कशाला गेलां होतां?’ असें आम्हांस कोणी विचारलें नव्हतें.

हाड जुळल्यावर, मार्गशीर्षांतील एका रविवारीं, आम्ही पुन्हां त्या रस्त्यानें जाऊन आलों. निघतांना परतण्याची वेळ सांगितली आणि ती पाळली. धबधबे आटले होते. तरी कडा पाहावयाचा तेव्हां गाडी थांबवून, उतरून, पोटभर पाहिला. त्या वळणावर खडी नव्हती. आक्कांनीं विचारलें, तेव्हां ‘सहज गेलों होतों’ हेंच उत्तर दिलें, आणि या खेपेस तें देतांना संकोच वाटला नाहीं. संकोच वाटतो तो आतां सोमवारीं. त्या दिवशीं आम्ही दहा मिनिटें आधीं निघतों. आणि त्या शाळेपाशीं येतांच, सभेंत कोणास काय सांगावयाचें आहे तें सारें मनांतून खालीं ठेवून, फाटकांतून कोण बाहेर येत आहे तेवढेंच पाहतों.